साहाय्य, भरपाई नव्हे

शेतीच्या नुकसानीविषयीचा महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय काढून पाहावा. वृत्तपत्रे आणि पुढारी ज्या रकमेला ‘नुकसानभरपाई’ म्हणतात, तिला तिथे ‘निविष्ठा अनुदान’ असे नाव असते. पुढच्या हंगामात बियाणे आणि खते यांची तजवीज करता यावी म्हणून दिलेला हातभार, एवढाच त्याचा अर्थ. केंद्रीय गृह मंत्रालय तर आपल्या उत्तरांत स्पष्टच बजावते, की आपत्तीनंतर दिली जाणारी रक्कम हे साहाय्य असते. झालेल्या वा दावा केलेल्या नुकसानीची ती भरपाई नसते. हा भेद वरकरणी शब्दच्छलाचा वाटतो. प्रत्यक्षात आपत्तिग्रस्त शेतकऱ्याला किती, केव्हा आणि कोणाच्या मर्जीने पैसे मिळायचे, याचे सारे राजकारण या एका शब्दाच्या आश्रयाने चालते. भरपाई म्हटली की हिशेब आला आणि हिशेब आला की हक्क आला. साहाय्याला दात्याची इच्छा पुरते.

२०२५ च्या पावसाळ्याने हे पुन्हा एकदा उघड केले. ऑगस्टच्या अखेरीस रावी नदीने पंजाबात हाहाकार माजवला. माधोपूर येथील बंधाऱ्याचे दरवाजे वाहून गेले, डेरा बाबा नानकचा परिसर आणि कर्तारपूर मार्गिका जलमय झाली. सर्वाधिक झळ बसली ती गुरुदासपूर जिल्ह्याला. राज्य सरकारच्या अहवालांनुसार तिथल्या सुमारे ४० हजार हेक्टरांवरील पिके बुडाली. मराठी वाचकाला हा जिल्हा अगदीच परका नाही. संत नामदेवांचे घुमान याच जिल्ह्यात आहे आणि २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. गुरुदासपूरचे पाणी ओसरते न ओसरते तोच सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, हिंगोली आणि शेजारच्या सोलापुरात काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. नदीकाठच्या जमिनीची मातीच वाहून गेली. साऱ्या महाराष्ट्रातील बाधित क्षेत्र ६८ लाख हेक्टरांच्या घरात असल्याचे राज्य सरकारने जाहीर केले. रावीकाठचा भात आणि सीनाकाठचे सोयाबीन यांत साम्य काहीच नाही. परंतु दोहोंच्या नुकसानीचे मोजमाप दिल्लीतल्या एकाच तक्त्यावर होते.

तो तक्ता असा : कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, ओलिताखालील पिकाला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००. नुकसान किमान ३३ टक्के हवे आणि मदत जास्तीत जास्त दोन हेक्टरांपुरती. जमीन खरडून गेली असेल, तर हेक्टरी ४७,०००. हे दर २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी गृह मंत्रालयाच्या पत्राने ठरले. कोरडवाहू पिकाचा दर गुंठ्यावर आणला, तर तो ८५ रुपयांच्या आसपास पडतो.

याआधीचा दर २०१५ चा होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली आणि कोरडवाहूचा दर ४,५०० वरून ६,८०० रुपये केला. तो निर्णय निःसंशय स्वागतार्ह होता. त्यानंतर सात वर्षांनी ६,८०० चे ८,५०० झाले. म्हणजे वाढ २५ टक्क्यांची. याच सात वर्षांत मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,८०० वरून ६,०८० रुपयांवर, म्हणजे ६० टक्क्यांनी वाढला आणि हमीभाव तर उत्पादन खर्चाच्या आधाराने ठरतो. शेतीचा खर्च किती वाढला हे केंद्र सरकारच्या एका खात्याला ठाऊक आहे. ते दुसऱ्या खात्याच्या तक्त्यापर्यंत पोहोचत नाही. २०२५-२६ साठी कापसाचा हमीभाव ७,७१० झाला, मदतीचा दर मात्र ८,५०० वरच राहिला. या स्तंभाचे अनेक वाचक सरकारी सेवेत आहेत. त्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा फेरआढाव्याला येतो आणि सातव्या वेतन आयोगानंतर शून्यापासून सुरू झालेला तो भत्ता जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. तो त्यांना मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. महागाई मोजण्याचे यंत्र शासनापाशी आहे आणि ते नियमाने चालते, एवढेच त्यावरून दिसते.

बरे, ‘ही भरपाई नव्हे, पुढच्या पेरणीचा खर्च आहे’ हे सरकारचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करू. त्या कसोटीवर तरी हा दर उतरतो काय? २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव जाहीर करताना सरकारने उत्पादन खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला आहे. हेक्टरी दहा क्विंटल उतारा गृहीत धरला, तर खर्च ३५ हजारांवर जातो. ८,५०० रुपये त्याच्या चौथ्या हिश्शालाही पोहोचत नाहीत. घरच्या माणसांची मजुरी त्यातून वजा केली, तरी बियाणे, खत, फवारणी आणि नांगरट यांचा मेळ या रकमेत बसणे कठीण. दिल्लीचा दर आपल्याच व्याख्येला अपुरा पडतो, असा याचा अर्थ.

दिल्लीचा दर अपुरा असला की राज्यांना आपल्या तिजोरीतून भर घालावी लागते आणि तिथून पुढे कोणताही नियम उरत नाही. महाराष्ट्राचाच दाखला घ्यावा. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले. त्या वेळी हेक्टरी २५ हजारांची मागणी करणारे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाल्यावर, २०२० च्या अतिवृष्टीनंतर, त्यांच्या सरकारने दिले १० हजार. ते सरकार कमी देते म्हणणाऱ्यांच्या हाती सत्ता आल्यावर २०२२ मध्ये केंद्राच्या तत्कालीन दराची दुप्पट, म्हणजे १३,६०० रुपये, आणि तीही तीन हेक्टरांपर्यंत देण्याचे ठरले. विधानसभा निवडणूक पार पडल्यानंतर, मे २०२५ मध्ये, हा दर पुन्हा केंद्राच्या ८,५०० वर आणि मर्यादा दोन हेक्टरांवर आली. चार महिन्यांनी मराठवाडा बुडाला, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका दाराशी होत्या, आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी रब्बीच्या तयारीसाठीचे हेक्टरी १० हजार मिळवून कोरडवाहूसाठी १८,५००, हंगामी बागायतीसाठी २७,००० आणि बागायतीसाठी ३२,५०० रुपये जाहीर केले. मर्यादा पुन्हा तीन हेक्टर! सहा वर्षांत एकाच हेक्टरचे पाच भाव झाले. हेक्टरी ५० हजारांची मागणी करणारे या वेळीही उद्धव ठाकरेच होते, हे ओघाने आले.

या घोषणेचा एकूण आकडा ३१,६२८ कोटींचा होता. त्यात रस्ते-पुलांची दुरुस्ती, पीकविम्याची अपेक्षित रक्कम आणि रोजगार हमीतून व्हावयाची जमीन सुधारणेची कामे हे सारे धरलेले होते. ‘पॅकेज’ या शब्दाची हीच खुबी आहे. त्यात काय बांधले आहे, हे गाठ सोडल्याखेरीज कळत नाही. हा आकडा शेजारी ठेवून दिल्लीतून काय आले ते पाहावे. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी गृहमंत्री अमित शहा यांनी महाराष्ट्रासाठी १,५६६ कोटी ४० लाख आणि कर्नाटकासाठी ३८४ कोटी ४० लाख रुपये मंजूर केले. मथळे सजले ते ‘केंद्राची मदत’ म्हणून. वस्तुतः तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतील केंद्राच्या वाट्याचा दुसरा हप्ता होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार या निधीत केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के असतात. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांसाठी केंद्राचा वाटा ९० टक्के. तो दोन हप्त्यांत यायचाच असतो. दोन महिने आधी आला, ही तत्परता मान्य. परंतु महाराष्ट्राला त्यात हक्काबाहेर काही मिळाले नाही.

पंजाबात तर हा वाद निव्वळ जमाखर्चाच्या वहीवरून पेटला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी गुरुदासपूरला भेट देऊन १,६०० कोटींची घोषणा केली आणि राज्यापाशी आधीचे १२ हजार कोटी आहेतच, असे सांगण्यात आले. राज्याचे अर्थमंत्री हरपालसिंग चीमा यांनी १२ हजार कोटींचा आकडा खोटा ठरवला. गृह मंत्रालयाने तो १२,५८९ कोटी ५९ लाख असा रुपया-पैशांपर्यंत सांगितला. दोघांपैकी खरे कोण, हा प्रश्न रंजक असला तरी दुय्यम आहे. या निधीची शिल्लक राज्याच्या लोकलेख्यात वर्षानुवर्षे व्याजासह वाढत जाते. कागदावर ती असते, तिजोरीत रोकड तेवढी असतेच असे नाही. शिवाय निकष इतके आखूड, की असलेली रक्कमही शेतकऱ्यावर खर्च करता येत नाही. राज्याने पूर्ण नुकसान झालेल्यांना एकरी २० हजार जाहीर केले, त्यांतले निधीतून देता येण्याजोगे होते केवळ ६,८००. उरलेले १३,२०० राज्याच्या अंदाजपत्रकातून. मुख्यमंत्री भगवंत मान यांनी अमित शहा यांच्याकडे एकरी ५० हजारांपर्यंत दर वाढवण्याची मागणी केली ती यामुळेच. हजारो कोटींची शिल्लक एकीकडे आणि वाळूखाली गाडला गेलेला भात दुसरीकडे, असे हे चित्र. त्या वाळूचेही राज्य सरकारने धोरण केले : ज्याचे शेत त्याची वाळू, ती काढून विकण्याची मुभा. रोख मदतीच्या तुटवड्यावर काढलेला हा तोडगा शेतकऱ्यांना उपयोगी पडला असेलही. पण पुराने आणलेल्या गाळावर पुरग्रस्ताने आपली भरपाई आपणच शोधावी, यातला उपरोध सरकारच्या ध्यानी आला नसावा.

राज्य निधी अपुरा पडला, तर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीकडे जायचे. राज्याने निवेदन पाठवायचे, आंतरमंत्रालयीन पथकाने पाहणी करायची, मग गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने रक्कम ठरवायची. त्यातूनही राज्य निधीच्या आरंभीच्या शिल्लकेतील निम्मी रक्कम वजा होते. या समितीत अर्थमंत्री असतात, कृषिमंत्री असतात. पीडित राज्याचा प्रतिनिधी नसतो. तिने किती दिवसांत निर्णय द्यावा, याचे बंधन कोठेही नाही.

कर्नाटकाने हा अनुभव २०२३-२४ मध्ये घेतला. त्या वर्षी राज्यातील २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये घोषणा, निवेदन, पथक हे सारे सोपस्कार उरकले. राज्याची मागणी होती १८,१७१ कोटींची. हिवाळा गेला, निर्णय आला नाही. जानेवारी २०२४ पासून राज्याने आपल्या पैशांतून शेतकऱ्यामागे दोन हजारांपर्यंतची तात्पुरती मदत वाटली. मार्चमध्ये राज्य सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्र आणि राज्ये यांच्यात अशी चढाओढ नको, असे न्यायालयाला सुनवावे लागले आणि एप्रिलच्या अखेरीस, लोकसभेच्या मतदानाचे दोन टप्पे राज्यात सुरू असताना, सुमारे ३,४५४ कोटी सुटले. खरीप करपून सात-आठ महिने लोटले होते.

केंद्राची बाजूही येथे नोंदवली पाहिजे. राज्ये फुगवून मागतात, हा दिल्लीतल्या अधिकाऱ्यांचा आक्षेप निराधार नाही. कर्नाटकाच्या मागणीतला सर्वांत मोठा हिस्सा पिकांच्या अनुदानाचा नव्हताच. तो कुटुंबांना द्यावयाच्या निर्वाहसाहाय्याचा होता. राज्याने चौपट मागायचे, केंद्राने पाचवा हिस्सा द्यायचा आणि दोघांनीही जाहीर सभांतून एकमेकांना दोष द्यायचा, हा खेळ आता अंगवळणी पडला आहे. पण तो का चालतो? दर ठरलेला, क्षेत्र मोजलेले, तर मागणीला वाव कसा उरतो? उरतो, कारण ‘किती द्यायचे’ हे सूत्राने ठरत नसून वाटाघाटीने ठरते. वाटाघाट म्हटली की फुगवणे आले आणि रखडवणेही आले.

संसदेत याचे पडसाद उमटतात ते चमत्कारिक रीतीने. दुष्काळ, गारपीट आणि कीड यांचे काम कृषी मंत्रालयाकडे. पूर आणि चक्रीवादळाचे गृह मंत्रालयाकडे. पुरात बुडालेल्या पिकाविषयी सदस्याने कृषिमंत्र्यांना विचारावे, तर विषय गृह मंत्रालयाचा ठरतो; गृहमंत्र्यांना विचारावे, तर उत्तर ज्या वाक्याने सुरू होते ते पत्रकार कक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला मुखोद्गत आहे : आपत्ती व्यवस्थापनाची प्राथमिक जबाबदारी राज्य सरकारांची आहे, केंद्र त्यांच्या प्रयत्नांना पूरक साहाय्य देते. त्यापुढे निधीच्या हप्त्यांचे कोष्टक. डिसेंबर २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राच्या बाबतीत वाद रंगला तो मदत पुरेशी की अपुरी यावर नव्हे. राज्याचा प्रस्ताव दिल्लीला पोहोचला की नाही, यावर! दोन्हीकडे एकाच आघाडीचे सरकार असताना ही स्थिती.

कायदा याहून बरा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्ये किमान साहाय्याच्या मानकांत मृत्यू आणि घरांच्या पडझडीबरोबरच उपजीविकेची साधने पूर्ववत करण्यासाठीच्या मदतीचाही उल्लेख आहे. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड मृत्यूंच्या प्रकरणात याच कलमाचा अर्थ लावला आणि मृतांच्या नातलगांसाठी साहाय्याची शिफारस करणे हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे बंधनकारक कर्तव्य असल्याचे सांगितले. रक्कम प्राधिकरणाने ठरवावी, पण टाळाटाळ चालणार नाही. त्यातूनच ५० हजार रुपये मिळाले. ज्या वाक्याने मृतांच्या वारसांना हे मिळवून दिले, त्याच वाक्यात उपजीविकाही आहे. शेतकऱ्याच्या वतीने ते वाक्य अद्याप कोणी तितक्या नेटाने पुढे केलेले नाही.

उलट दुसरे एक दार २०२५ मध्ये बंद झाले. मूळ कायद्याच्या कलम १३ नुसार, भीषण आपत्तीत कर्जफेडीत सवलत किंवा सुलभ अटींवर नवे कर्ज देण्याची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरणाला करता येत होती. मार्च २०२५ मध्ये राज्यसभेच्या मंजुरीने पूर्ण झालेल्या दुरुस्तीत हे कलम गळाले. वायनाडच्या दरडग्रस्तांच्या कर्जाचा विषय केरळ उच्च न्यायालयात आला, तेव्हा जून २०२५ मध्ये केंद्राने हीच दुरुस्ती पुढे केली. दुरुस्ती विधेयकावरील चर्चेत केंद्र-राज्य अधिकारांवर भरपूर भाषणे झाली. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असलेले हे कलम मात्र जवळजवळ गुपचूप गेले.

विम्याचा आधार तरी आहे काय? पंजाब पंतप्रधान पीकविमा योजनेत कधी सामीलच झाला नाही. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातली योजना गुंडाळताना स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान यांचे संरक्षण काढून टाकले. विमा केवळ पीककापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आला. म्हणजे ज्या वर्षी शेते बुडाली, त्याच वर्षी शेत बुडाल्याचा दावा दाखल करण्याची सोय गेली होती. आणि जो दुसऱ्याची जमीन कसतो, त्याचे तर नावच कागदावर नसते. गुरुदासपुरात ठेक्याने, मराठवाड्यात बटाईने जमीन करणाऱ्याने बियाण्याचा आणि खताचा खर्च सोसायचा, पंचनामा मात्र सातबाऱ्यावरच्या नावाने व्हायचा. मदत मालकाच्या खात्यात जमा होते. ती त्याने वाटून घ्यावी, ही अपेक्षा मालकाच्या सदिच्छेवर सोडलेली आहे.

१ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा कालखंड लागतो. या कालखंडाचे दर गृह मंत्रालयाच्या पत्रापुरते न ठेवता संसदेच्या पटलावर यावेत आणि गृह व कृषी या दोन्ही स्थायी समित्यांनी ते तपासावेत. हमीभावासाठी दरवर्षी काढला जाणारा उत्पादन खर्च हाताशी असताना, त्याचा ठरावीक हिस्सा हाच मदतीचा दर मानणे अवघड नाही. त्याला नवी यंत्रणा लागत नाही. राज्याचे निवेदन आल्यापासून ठरावीक दिवसांत निर्णय झाला नाही, तर निकषांनुसार येणाऱ्या रकमेचा निम्मा भाग आपोआप सुटावा. उरलेल्याचा वाद दोघांनी सावकाश घालावा. कसणाऱ्याची नोंद करण्याची जबाबदारी राज्यांची आहे आणि तिथे दिल्लीकडे बोट दाखवून महाराष्ट्राला किंवा पंजाबला सुटका नाही. रावीकाठी गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी लागते, मराठवाड्यात हरभऱ्याची त्याच्या आगेमागे. २०२५ मध्ये मराठवाड्याच्या बांधावर केंद्राचे पथक पोहोचले ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर बियाण्याची उधारी कृषी सेवा केंद्राच्या वहीत चढली होती आणि तिकडे अडत्याच्या.